जुलमी राजवटीविरुद्ध हत्यार उचलणं योग्य ठरतं का? हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या उदाहरणातून

१७ सप्टेंबर जवळ आला की मराठवाड्यात झेंडावंदनाची तयारी सुरू होते, आणि शाळाशाळांतून निझाम, रजाकार, लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ ही नावं पुन्हा कानावर पडू लागतात. मोठी माणसं भाषणं करतात. अवघड प्रश्न मात्र मुलंच विचारतात. ज्यांनी बँक लुटली, पोलीस चौक्यांवर हल्ले केले, त्यांना आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणतो. मग आज कोणी असंच केलं तर त्याला दहशतवादी का म्हणायचं?

याला दोन सोपी उत्तरं तयारच असतात. एक म्हणजे, हिंसा ती हिंसाच, कधीच योग्य नाही. दुसरं म्हणजे, जुलूम होत असेल तर काहीही केलेलं चालतं. मला दोन्ही उत्तरं पटत नाहीत. का पटत नाहीत ते हैदराबादच्या लढ्याकडे नीट पाहिलं तर समजतं, कारण या एकाच लढ्यात अभिमान वाटावा अशा गोष्टी आहेत आणि मान खाली घालावी लागेल अशाही आहेत.

जुलमी राजवट म्हणजे नेमकं काय?

भ्रष्ट सरकार, नालायक सरकार, आपल्याला न आवडणारं सरकार म्हणजे जुलमी राजवट नव्हे. जिथे तक्रार करणं हाच गुन्हा ठरतो आणि सत्ता बदलायचा शांततेचा कुठलाच मार्ग उघडा ठेवलेला नसतो, ती जुलमी राजवट.

हैदराबाद संस्थानाचा सातवा निझाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आला. १९४१ च्या जनगणनेत त्याच्या राज्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. तेलंगणा, मराठवाडा आणि कानडी जिल्हे असे त्याचे तीन भाग होते. निझामाचं फर्मान म्हणजेच कायदा. नावाला कायदेमंडळ होतं, पण मंत्रिमंडळ त्याला उत्तर द्यायला बांधलेलं नव्हतं. सभा भरवायची तर 'गश्ती निशाण ५३' या परिपत्रकाप्रमाणे आधी सरकारची परवानगी घ्यावी लागे. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहत होती, तोच तिच्यावर बंदी आली. कार्यकर्त्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भरले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गांधीजींच्या सल्ल्यावरून सत्याग्रह मागे घेतला. बंदी मात्र १९४६ पर्यंत उठली नाही. आठ वर्षं एका संघटनेला नाव लावून उभं राहता आलं नाही.

या राज्याकडे फक्त हिंदू-मुसलमान असं पाहिलं तर चित्र चुकतं. प्रजा बहुसंख्येने हिंदू आणि राजा मुसलमान होता हे खरं. पण जहागीरदार आणि देशमुखांत हिंदूही भरपूर होते आणि त्यांची वेठबिगार गरिबांच्या पाठीवर होती. दुसऱ्या बाजूला, भारतात सामील व्हा असं उघड लिहिणारा 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होता. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री हैदराबादेत त्याला रस्त्यात गाठून ठार मारलं आणि लिहिता हात तोडला.

जून १९४७ मध्ये निझामाने आपण स्वतंत्र राहणार असं जाहीर केलं. १५ ऑगस्टला संस्थानात तिरंगा लावणं गुन्हा ठरलं आणि स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. कासिम रझवी हा लातूरचा वकील मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या मुस्लिम संघटनेचा अध्यक्ष झाला होता. त्याच्या रजाकार या सशस्त्र स्वयंसेवकांनी गावागावांत लूट, जाळपोळ आणि खून सुरू केले. पोलिसांत जावं तर पोलीस त्यांच्याच बाजूचे. सोलापूर, बार्शी, वऱ्हाड या बाजूंना माणसं बायकामुलांसह सरहद्द ओलांडून निघून जाऊ लागली.

घरात शिरलेला चोर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रात्री घरात हत्यारबंद चोर शिरला आणि तुम्ही काठी घालून त्याला पाडलंत, तर कायदा तुम्हाला गुन्हेगार म्हणत नाही. स्वसंरक्षणाचा हा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये दिलेला आहे. त्याआधी तो भारतीय दंड संहितेतही होता. पण त्याला कडक अटी आहेत. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. चोर हत्यार टाकून पळाल्यावर त्याला गाठून मारलंत तर तो बचाव राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या भावाच्या घरी जाऊन भावाला मारलंत तर तो सरळ खून.

जुलमी राजवटीत अडचण अशी की चोर आणि पोलीस एकच असतात. तक्रार न्यायची कुणाकडे? याच अडचणीवर जगभरच्या विचारवंतांनी आणि कायदेपंडितांनी शतकानुशतकं डोकं लावलं, आणि त्यातून ज्याला 'न्याय्य युद्धाचा विचार' म्हणतात तो उभा राहिला. त्याचा गाभा चार प्रश्नांत येतो. बाकीचे सगळे मार्ग खरोखर संपले होते का? हत्यार कुणावर चाललं? हत्यार धरणारा कुणाला जबाबदार होता? आणि यातून जुलूम कमी होण्याची खरी आशा होती का, की नुसतीच माणसं मरणार होती? चोराच्या उदाहरणातल्या अटीच इथे समाजाच्या मापाने मोठ्या झाल्या आहेत.

संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ ला मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या प्रस्तावनेतही हा विचार आहे. जुलमाविरुद्ध शेवटचा उपाय म्हणून बंड करायची पाळी माणसावर येऊ द्यायची नसेल, तर कायद्याच्या राज्याने त्याचे हक्क राखले पाहिजेत, असं तिथे म्हटलं आहे. ही तारीख लक्षात ठेवा. त्याच दिवसांत हैदराबाद संस्थानात काय चाललं होतं ते पुढे येईल.

सरहद्दीवरचे कॅम्प या कसोटीला उतरतात का?

१९४७ च्या उत्तरार्धात स्टेट काँग्रेसच्या कृती समितीने संस्थानाच्या सीमेबाहेर, मुंबई प्रांत आणि वऱ्हाडच्या हद्दीत कॅम्प उभे केले. मनमाड, बार्शी, पुसद, उमरखेड ही त्यातली नावं. कॅम्पवरची पोरं रात्री सरहद्द ओलांडून आत जायची. शिंदीची झाडं तोडायची, म्हणजे सरकारचं अबकारी उत्पन्न बुडायचं. करोडगिरी नाके, म्हणजे जकातीची ठाणी, जाळायची. गावदप्तरं पेटवायची. पोलीस चौक्यांवर आणि रजाकारांच्या अड्ड्यांवर हल्ले व्हायचे, बंदुका पळवल्या जायच्या.

त्यातली सर्वांत गाजलेली घटना नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची. ३० जानेवारी १९४८ ला उमरखेड कॅम्पच्या कार्यकर्त्यांनी उमरी इथली हैदराबाद स्टेट बँकेची शाखा लुटली. हाती लागलेली रक्कम काही लाखांत होती. बँक निझामाच्या सरकारची होती. पैसा कुणी आपसांत वाटून घेतला नाही, तो लढ्याच्या खर्चाला गेला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. एकाच तारखेला दोन ठिकाणी हत्यार उचललं गेलं. एकीकडे लोकांना चिरडणाऱ्या राजवटीची तिजोरी फोडली गेली, तर दुसरीकडे प्रार्थनेला निघालेल्या निःशस्त्र म्हाताऱ्या माणसावर गोळ्या झाडल्या गेल्या. या दोन्हींना 'हिंसा' या एकाच खात्यावर टाकून मोकळं होणं मला जमत नाही.

चार प्रश्न लावून पाहू. मार्ग संपले होते का? अर्ज, सभा, सत्याग्रह, सगळं करून झालं होतं, आणि रजाकारांपुढे सत्याग्रह करणाऱ्याला तुरुंगही मिळेल याची खात्री उरली नव्हती. हत्यार कुणावर चाललं? मुख्यतः नाके, चौक्या, तिजोऱ्या आणि हत्यारबंद माणसांवर. जबाबदारी कुणाला? कृती समितीला, जी एका लोकमान्य संघटनेची होती. अर्थात कॅम्पवर आलेला प्रत्येक जण शिस्तीचा पुतळा होता असं मानायचं कारण नाही. हाती बंदूक आली की जुनी वैरं आठवतात, आणि समितीचा हात प्रत्येक गावापर्यंत पोचत नसे.

चौथा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. निझामाची सत्ता कॅम्पवाल्यांनी उलथवली नाही. ती भारतीय सैन्याने उलथवली. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरच्या बाजूने फौजा आत शिरल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, आणि १७ तारखेला निझामाने शरणागती जाहीर केली. घरातली जुनी माणसं याला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. मग कॅम्पचा उपयोग काय झाला? सीमेवरच्या गावांना आधार मिळाला, रजाकारांना धाक बसला, आणि इथली प्रजा निझामासोबत नाही हे दिल्लीला आणि जगाला दिसत राहिलं. हे थोडं नाही. पण 'बंदुकीने स्वातंत्र्य आणलं' असं म्हणणंही खरं नाही.

मग गांधींचं काय? शांततेने हे झालं नसतं का?

हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. भित्रेपणा आणि हिंसा एवढेच दोन पर्याय असतील तर मी हिंसा सुचवीन, असं गांधीजींनी स्वतः १९२० मध्ये लिहिलं होतं. पण पुढे त्यांनी हेही सांगितलं की अहिंसा हिंसेपेक्षा कितीतरी श्रेष्ठ आहे. आणि श्रेष्ठ म्हणजे फक्त नैतिकदृष्ट्या नव्हे. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अमेरिकन संशोधकांनी १९०० ते २००६ मधले ३२३ लढे तपासले. शांततेच्या लढ्यांपैकी सुमारे ५३ टक्के यशस्वी झाले होते आणि सशस्त्र लढ्यांपैकी सुमारे २६ टक्के. कारण साधं आहे. बंदूक घेऊन डोंगरात जायची हिंमत आणि ताकद थोड्यांची असते. बहिष्कार, संप, राजीनामा यांत म्हातारी, बाया, कारकून, वकील सगळे येतात. आणि समोरून दगडही येत नाही तेव्हा शिपायाच्या हातातली काठी डळमळते.

हैदराबादेतही हे घडलं. विद्यार्थी कॉलेजांबाहेर पडले, वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार टाकला. कॅम्पांपेक्षा लढ्याचा हा भाग मोठा होता, पण गोष्ट सांगताना तो मागे पडतो, कारण बहिष्काराचा पोवाडा होत नाही.

तरीही हे आकडे मला पुरं उत्तर देत नाहीत. सरासरी काय घडतं हे आकडे सांगतात. रजाकारांची टोळी वेशीवर आली असताना त्या गावाने काय करावं, हे ते सांगू शकत नाहीत. त्या रात्री वेशीवर भाला घेऊन उभा राहिलेला माणूस माझ्या लेखी चुकीचा नव्हता.

ॲक्शननंतर काय झालं

आपल्या पुस्तकांत गोष्ट १७ सप्टेंबरला संपते. पुढचं पान कमी लोक उलटतात.

निझाम शरण आला, रजाकारांनी हत्यारं टाकली, रझवी पकडला गेला. चोर पळाला. आणि मग अनेक जण चोराच्या भावाच्या घरी गेले. मराठवाड्यात आणि कानडी जिल्ह्यांत सामान्य मुसलमानांच्या कत्तली झाल्या, घरं लुटली गेली, बायकांवर अत्याचार झाले. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती पाहणीला गेली. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते संस्थानात फिरत होते. म्हणजे मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा ही माणसं इथल्या उजाड वस्त्या मोजत होती.

त्यांच्या अहवालातल्या अंदाजाप्रमाणे पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर कमीत कमी २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वांत वाईट हाल उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांचे झाले. लातूर ही व्यापारी पेठ. तिथे वीस दिवसांहून जास्त काळ हत्या चालू होत्या. गावातल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार समितीला तिथे सापडले. हजारांवर मारले गेले होते, बाकीचे जीव घेऊन पळाले होते. लातूरवरच एवढा राग का? रझवी लातूरचा होता म्हणून. आणि रझवीचं काय झालं? त्याच्यावर खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. निझाम तर २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. ज्यांनी जुलूम केला ते जगले. मेले ते शेजारचे दुकानदार आणि मजूर.

याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर सोबत्यांना बाहेरून आलेल्या टोळ्यांपासून वाचवलं, आणि त्यात काहींनी स्वतःचा जीव गमावला. या विणकरांची गोष्टही १७ सप्टेंबरला सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं. जुलमाविरुद्ध उभं राहणं ते हेच.

'पण सुरुवात त्यांनी केली होती' आणि 'अहवाल वादग्रस्त आहे'

हे दोन आक्षेप येणारच. अहवाल सरकारने स्वीकारला नाही, सरदार पटेलांना तो मान्य नव्हता, आणि कित्येक दशकं तो लोकांसमोर आला नाही. त्यातल्या आकड्यांवर वाद होऊ शकतो. पण आकडा निम्मा धरला तरी प्रश्न तोच राहतो.

आणि सुरुवात रजाकारांनी केली हे खरंच आहे. म्हणूनच रजाकारांशी लढणं योग्य होतं. पण लातूरचा कच्छी मुसलमान व्यापारी रजाकार नव्हता. न्याय्य कारण हे काही परवानापत्र नव्हे की ते दाखवून पुढची प्रत्येक गोष्ट माफ व्हावी. कारण न्याय्य असलं तरी कृती अन्याय्य असू शकते. दोन्हींचा निवाडा वेगवेगळा करावा लागतो.

हे बोलायला सोपं आणि करायला फार कठीण आहे, पण एका देशाने ते करून दाखवलं. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीने १९६० मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी घातली. पुढच्या वर्षी, १६ डिसेंबर १९६१ ला, तिच्या सशस्त्र शाखेने पहिले घातपात केले. १९६४ मध्ये कोर्टात उभं राहून नेल्सन मंडेला यांनी सांगितलं की आम्ही मुद्दाम घातपाताचा मार्ग निवडला, कारण त्यात माणसं मरत नाहीत आणि उद्या गोऱ्या-काळ्यांना एकत्र राहायचंय. ही शिस्त पुढे प्रत्येक वेळी टिकली नाही. बॉम्बस्फोटांत रस्त्यावरची माणसंही मेली. सत्तांतरानंतर डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोग बसला. आयोगाने वर्णद्वेषाला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं, त्याविरुद्धचा लढा न्याय्य म्हटला, आणि तरीही त्या लढ्यात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसकडूनही मानवी हक्कांची पायमल्ली झाल्याचं लिहिलं. पक्ष सत्तेत होता. १९९८ मध्ये तो अहवाल अडवायला कोर्टात गेला आणि हरला. अहवाल छापला गेला. आपल्याकडे सुंदरलाल समितीचे कागद कपाटात राहिले.

मग दहशतवादी कोण आणि स्वातंत्र्यसैनिक कोण?

'एकाचा क्रांतिकारक तो दुसऱ्याचा दहशतवादी' असं म्हणून लोक हात झटकतात. मला हे आळसाचं वाटतं. कारण बाजूला ठेवा आणि हत्यार कुणावर चाललं ते आधी बघा. बाजारात, बसमध्ये, शाळेत निःशस्त्र माणसांना ठरवून मारणारा कुठल्याही झेंड्याखाली दहशतवादीच. लक्षात घ्या, आपण आपल्या लोकांचं रक्षण करतोय असं रजाकारही म्हणतच होते. तीच मोजपट्टी कॅम्पवाल्यांना लावा, रजाकारांना लावा, लातुरात तलवारी घेऊन फिरणाऱ्यांना लावा. मोजपट्टी न बदलता तिन्हींचं उत्तर मिळतं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. तेलंगणात कम्युनिस्टांनी जमीनदार आणि निझाम यांच्याविरुद्ध १९४६ पासून सशस्त्र लढा दिला, वेठबिगारी मोडली, जमिनी वाटल्या. निझाम गेल्यावरही हत्यारं खाली आली नाहीत. आता समोर भारतीय सैन्य होतं. लढा मागे घेतला तो ऑक्टोबर १९५१ मध्ये, आणि त्या तीन वर्षांत गेलेल्या जिवांनी काय मिळालं यावर त्या चळवळीतच पुढे वाद झाले.

आज कोणी म्हणालं, 'हेही सरकार जुलमीच आहे', तर?

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याचं उत्तर दिलं होतं. रक्तरंजित क्रांतीचे मार्ग आता सोडले पाहिजेत, इतकंच नव्हे तर सविनय कायदेभंग आणि सत्याग्रहही, असं ते म्हणाले. त्यांनी या मार्गांना अराजकाचं व्याकरण म्हटलं. पण त्याच भाषणात त्यांनी हेही मान्य केलं की सनदशीर मार्ग उरलाच नव्हता तेव्हा असनदशीर मार्गांचं बरंच समर्थन करता येत होतं. म्हणजे सगळा भर पहिल्या प्रश्नावर आहे: मार्ग बंद आहे का?

यावर तरुण मुलं म्हणतात, कोर्टात वीस-वीस वर्षं जातात, हा काय मार्ग झाला? त्यांचा राग मला समजतो. दिरंगाईही अन्यायच आहे. पण हळू चालणारा मार्ग आणि बंद मार्ग यांत फरक आहे, आणि आंबेडकरांनी सत्याग्रह सोडा म्हटलं असलं तरी माझ्या मते कोर्ट आणि बंदूक या दोन टोकांमध्ये मोर्चा, संप, उपोषण, माहिती अधिकार, निवडणूक एवढं सगळं पडलेलं आहे. सभेला परवानगी आजही पोलिसांकडेच मागावी लागते आणि ती नाकारलीही जाते. नाकारली तर हायकोर्टात जाता येतं, आणि सरकारच्या मनाविरुद्ध परवानगी मिळाल्याची उदाहरणं आहेत. गश्ती निशाण ५३ च्या काळात निझामाच्या फर्मानावर निकाल देणारं कोणी नव्हतं.